सर्व्हरला गाऱ्हाणं

वेबसाइटवर नवीन काहीही चढवण्याआधी परब सर चपला काढून कॉम्प्युटरसमोर उभे राहतात आणि गाऱ्हाणं घालतात. कोकणात देवाला घालतात, तसंच.

"बा म्हाराजा! आज आमी नवो बिल्ड वर चढवतव. कोणी न तपासता काय टाकल्यान आसात, तर ता हयच अडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही पाचही जण ओरडतो. जिग्नेश सगळ्यात मोठ्याने. त्याला अजून वाटतं, ही कंपनीची पॉलिसी आहे.

मग मशीन आपोआप एकेक टेस्ट चालवतं. सगळं हिरवं झालं की सर चपला घालतात. लाल दिसलं की, "कोणाचो ह्यो पराक्रम?"

मीरा रोडच्या या ऑफिसात मी आले ती नववीत शाळा सुटलेली, हिंगोलीची. सरांनीच शेजारी बसवून टेस्ट लिहायला शिकवलं. "गो बाय, मशीनीक तुझी मार्कशीट कोण दाखवता?" म्हणायचे. तरी माझी धाकधूक जात नव्हती.

आणि गेल्या महिन्यात पराक्रम मीच केला. एका फरसाणवाल्याच्या साइटची टेस्ट होती: खोटं गिऱ्हाईक ऑर्डर देतं, बस. मी सरावाच्या साइटऐवजी खऱ्या साइटचा पत्ता टाकला. सगळं हिरवंगार! मशीनने बारा वेळा पाव किलो शेव मागवली आणि दुकानाने इमानदारीने बारा वेळा पोचवली. खोट्या गिऱ्हाइकाच्या घराचा पत्ता मात्र खरा होता. सरांनीच कधीतरी टाकलेला, जवळच्याच पूनम सागर सोसायटीतला, स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी हे कळलं तेव्हा वाटलं, गेली नोकरी, आता परत हिंगोली. तेवढ्यात सर दोन पिशव्या घेऊन आले.

"परब, ये क्या है?" कंपनीच्या मालकांनी विचारलं.

"मेराच ऑर्डर है. शेव आवडता है मेरेको."

मी रडतच माफी मागायला गेले.

"रडतंस कित्याक? बारा वेळा बेल वाजली गो घरात! तिसऱ्या वेळेक तर मी शर्ट बदलून बसलंय." मग चष्मा पुसत म्हणाले, "आमची बेल चालू आसा, ह्याच माका म्हायत नाय होता."

टेस्ट मी त्याच दिवशी दुरुस्त केली. बेलची टेस्ट मात्र मशीनला दिली नाही. ती दर रविवारी पूनम सागरला जाऊन मी हातानेच करते, जिग्नेशला घेऊन. मी बटण दाबते, आणि दार उघडायच्या आधीच आतून आवाज येतो,

"व्हय म्हाराजा!"