जरीच्या अंगरख्यातला मुलगा

"बापाने मुलाला ओळखायचं! यात चुकण्यासारखं आहे काय?" नाटक्या छाती फुगवून म्हणाला.

"घरात रोज चुकतातच की," बायको म्हणाली. "काल तुला गॅसवाला समजून सिलिंडर कुठंय विचारत होते!"

खरं होतं. आयुष्यभर शिलाई मशीन चालवलेल्या बाबांच्या डोक्यातून आता एकेक माणूस निघून चालला होता. पण नाटक्याचा हट्ट दांडगा! राजपुत्र आणि भिकारी कपडे बदलतात, ती जुनी गोष्ट घेऊन त्याने संगीत नाटक रचलं होतं, दिग्दर्शनही त्याचंच. राजपुत्र तो स्वतः, भिकारी त्याचा गवई मित्र. शेवटी म्हातारा राजा दोघांतून खरा मुलगा ओळखतो. राजा झाले बाबा. वाक्य एकच, "हाच माझा मुलगा!" नाटकात का होईना, बाबांच्या तोंडून ते एकदा चारचौघांत ऐकायचं होतं त्याला.

तालमीत बाबा एकदाही चुकले नाहीत. उठायचे, थेट नाटक्याच्या खांद्यावर हात! नाटक्याला आभाळ ठेंगणं झालं. राजपुत्राचा जरीचा अंगरखाही बाबांनीच हौसेने शिवला, नाटक्याच्या मापाचा.

प्रयोगाला थिएटर खचाखच. शेवटचा प्रवेश आला. कपड्यांची अदलाबदल झालेली: नाटक्या चिंध्यांत, तोंडाला काजळी, गवई अंगरख्यात. बाबा उठले, नाटक्याकडे आले आणि त्याला ओलांडून पुढे गेले. अंगरख्याची शिवण चाचपली.

"ही टीप माझी. माझ्या पोरासाठी घातलेली. हाच माझा मुलगा!"

"बाबा, मी इकडे!" नाटक्या कुजबुजला.

"अहो काका, मी भिकारी!" गवई घाबरला.

पेटीवाल्याला काय, वाक्य आलं की राज्याभिषेकाचं गाणं सुरू! शिपायांनीही ठरल्याप्रमाणे तोतयाला उचललं आणि पाय झाडणाऱ्या दिग्दर्शकाला विंगेत नेऊन टाकलं. टाळ्यांनी छत उडायचं तेवढं बाकी राहिलं!

विंगेत पडल्या पडल्या त्याला उलगडलं. तालमीत त्याच्या अंगात बाबांनीच शिवलेला जुना सदरा असायचा. बाबा रोज त्या सदऱ्याला ओळखत होते. नाटक्या ढसाढसा रडला.

पडदा पडला. गवयाने अंगरखा काढून दिला. तोंड धुऊन, तो घालून नाटक्या बाबांपुढे उभा राहिला.

"आलास? छान गायलास हो," बाबा अंगरख्याचा खांदा सारखा करत म्हणाले. "मघाशी इथे एक भिकारी होता बघ. मला बाबा, बाबा म्हणत होता. कुठे गेला?"

"गेला, बाबा."

"त्याला कुणी नसेल रे. घरी जेवायला तरी आणायचंस!"