लिंबू-मिरचीवर चालणारी मोटार

मोटार घेतली यात माझी फारशी चूक नाही. चूक झाली ती तिला लिंबू बांधण्यात.

पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात मी स्टोअरकीपर आहे (हुद्दा भारदस्त वाटतो, पण दिवसभर खिळे आणि नटबोल्ट सांभाळतो). आमचे एक साहेब कायमचे विलायतेला निघाले, तेव्हा त्यांची छोटी जुनी मोटार मी घेतली. त्यासाठी शालनच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या, पाटल्या मोडाव्या लागल्या. तेव्हापासून मोटार माझ्या नावावर आणि शालनच्या ताब्यात होती.

पहिल्याच दिवशी आमचे कॅशियर रंगराव मोटारीभोवती फेरी मारून म्हणाले, "दृष्ट लागेल हो. माणसं वाईट असतात." हे सांगताना ते स्वतःच मोटारीकडे असे काही बघत होते की मी लगेच लिंबू-मिरची आणली.

पण बांधायची कुठे? बाहेर बांधली तर आमच्या काळेवाडीच्या शेळ्या मिरच्या खातात. आत पुढच्या फळीवर एक बोंडूक होतं. ओढलं की दांडीसकट बाहेर यायचं, सोडलं की आत जायचं. ते कशासाठी आहे हे साहेबांनी मला सांगितलं होतं, पण इंग्रजीत, आणि मी नुसतीच मान डोलावली होती. मी ते ओढलं, दांडीला काळ्या दोऱ्याचे घट्ट वेढे दिले आणि लिंबू टांगलं. रंगरावांना मुद्दाम बोलावून दाखवलं. "वा! काय जागा शोधलीत!" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर थंडीत मोटार पहिल्याच झटक्यात सुरू झाली. लिंबाचा गुण!

त्यानंतर ती पेट्रोल पिऊ लागली. पिऊ लागली म्हणजे लग्नघरी पाहुणे चहा पितात तशी. मागून काळा धूर निघायचा. पंपावरचा माणूस मला लांबून पाहूनच उठून उभा राहायला लागला.

"अहो, ही मोटार आहे की आगगाडीचं इंजिन?" शालन विचारायची.

मी मोटार चिंचवड स्टेशनाजवळ मन्सूर मिस्त्रीकडे नेली. त्याने प्लग साफ केले, कार्बोरेटर उघडला, टाकी ठोकून पाहिली, आणि शेवटी मान हलवली.

"साहेब, नजर लागली असंल."

"लिंबू बांधलंय की!"

"ते दिसलं मला. थांबा." त्याने आतून एक तावीज आणून माझ्या हातात ठेवला. "पीराच्या दर्ग्यातला हाय. हाही बांधा. काम होईलच."

मी तोही बांधला. दोरा वाढला, म्हणून दांडी आणखी जरा बाहेर ओढावी लागली. मग बिब्बा बांधला. मग काळी बाहुली. जुनं न काढता दर शनिवारी नवं लिंबू बांधत गेलो (बंदोबस्त वाढलेला काय वाईट?). जितका बंदोबस्त वाढला, तितकी मोटारीची तहान वाढली.

शेवटी शालनने निकाल दिला. "परवा चाकणला बहिणीचा साखरपुडा आहे. वाटेत मोटार बंद पडली, तर ती रंगरावांना विकायची आणि माझ्या पाटल्या करून द्यायच्या. ते तर टपूनच बसलेत."

मोटार कशी विकायची? त्या मोटारीमुळे कारखान्याचा वॉचमन मला सलाम करू लागला होता! महिनाअखेर होती, म्हणून मोटार देताना साहेबांनी सांगितलेल्या हिशेबाने जाऊन-येऊन पुरेल एवढंच पेट्रोल भरलं आणि निघालो. भोसरीपर्यंत मी शीळ घालत होतो. मोशीच्या पुढे मोटार दोन उचक्या देऊन थांबली.

शालनने खाली उतरून दोन्ही मनगटं चाचपली, पाटल्या असायच्या तिथे.

चाकणकडे निघालेल्या एका सायकलवाल्याबरोबर निरोप धाडला, तेव्हा माझे सासरे बबनराव बैलजोडी घेऊन आले. साखरपुड्याच्या मांडवात आम्ही मोटारीतून उतरलो खरे, पण पुढे बैल होते. "जावईबापू, पेट्रोलपरीस कडबा स्वस्त हाय," सासरे म्हणाले आणि मांडव हसला.

सासूबाई, गोजाबाई, मीठ-मोहऱ्या घेऊन मोटारीची दृष्ट काढायला आल्या. आत डोकावल्या आणि ओरडल्या, "आगं बया! ही लिंबं वाळून कोळसा झाली की! शिळी लिंबं कुनी दारात ठिवत न्हाई, तुमी गाडीच्या पोटात ठिवलीत व्हय?"

त्यांनी विळा आणून सगळा दोरा कापला. बोंडूक 'टक्' करून आत गेलं.

"गेली बगा पीडा!"

सासऱ्यांनी नाशिकच्या एका ट्रकवाल्याकडून डबाभर पेट्रोल मिळवलं. "आईनं हात लावलाय, म्हणून घरापर्यंत बघू," शालन म्हणाली. घरी पोचलो तरी पेट्रोल शिल्लक! धुराचा पत्ता नाही! पाटल्यांचा विषय तिथेच मिटला आणि मला आनंदाने रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी मन्सूरला सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"तो चोक होता, साहेब. गार इंजिन सुरू करताना तेवढा ओढायचा. ओढलेला राहिला की इंजिन ढसाढसा पेट्रोल पितं. तुमी तो ओढूनच बांधला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुमच्यात तशी रीतच असंल. वर आमच्या पीराचा तावीज तिथंच. दोघांच्या मधी मी कसा बोलू?"

हे मी शालनला सांगितलं नाही. आईने दृष्ट काढली म्हणून राहिलेली मोटार, नवऱ्याच्या अकलेचा दोष निघाला असता तर त्याच दिवशी गेली असती. त्यामुळे आता दर अमावास्येला मोटारीची दृष्ट काढायला सासूबाईंना चाकणहून आणतो आणि परत पोचवतो. वाचलेलं पेट्रोल त्यातच जातं.

मागच्या महिन्यात रंगरावांनीही मोटार घेतली. ती पेट्रोल फार पिते म्हणे. काल हात जोडून आले, "तुमच्या सासूबाईंना एकदा आणा हो!" शालनने माझ्या वतीने तिथल्या तिथे कबूल केलं, तेव्हा उद्या चाकण गाठायचं आहे, माझ्याच पेट्रोलवर. रंगरावांच्या मोटारीला काय झालंय ते मला इथे बसूनही ठाऊक आहे. लिंबू कुठे बांधायचं, हे त्यांना मीच दाखवलं होतं.