फुकटाचा करार

केंदूरच्या दूध संस्थेत सकाळचं दूध घालून झाल्यावर भागुबाईंनी पावती हातात घेतली, लांब धरून वाचली, जवळ धरून वाचली आणि चेअरमन पोपटरावांच्या पुढ्यात ठेवली. पावतीवर त्यांच्या म्हशीची गाय झाली होती.

पोपटरावांनी आधी हसण्यावारी नेलं. पण पाठोपाठ दुसरी पावती आली, तिसरी आली. कुणाच्या म्हशीची गाय, तर कुणाच्या गाईची म्हैस. ज्यांच्या गाईच्या म्हशी होऊन दर वाढला होता, त्यांनी पावत्या घडी करून खिशात घातल्या आणि गुमान घरची वाट धरली. घटकाभरात केंद्रावर फक्त चिडलेले म्हशीवाले उरले. भागुबाई तेवढ्या घरी गेल्या होत्या. त्या परत आल्या त्या म्हैस घेऊनच.

"आता बघा आन् सांगा," त्या म्हणाल्या.

पोपटरावांनी म्हशीकडं पाहिलं. म्हशीनं पोपटरावांकडं पाहिलं. ही म्हैसच असल्याचं त्यांना चारचौघांत कबूल करावं लागलं. पण तसं कॉम्प्युटरला सांगायचं कसं? संस्थेच्या सचिव नीलमताई म्हणाल्या, काल प्रोग्रामचं नवं अपडेट आलं, तेव्हापासून गाय की म्हैस हे तोच ठरवतोय, माणसाचं ऐकत नाही.

हा प्रोग्राम गावच्याच गौतमीनं केलेला. ती इंजिनियर, सणसवाडीत खोली घेऊन तिथूनच काम करायची. दूध मोजण्यापासून पावतीपर्यंत सगळं करणारा हा प्रोग्राम तिनं खुला ठेवला होता. कुठल्याही संस्थेनं घ्यावा आणि फुकट वापरावा. पोपटरावांनी तो घेतला आणि सर्वसाधारण सभेत छाती काढून सांगितलं, की एक छदामही न मोजता आपण संस्था कॉम्प्युटरवर आणली. नंतर गौतमीनं देखभालीच्या वार्षिक कराराचं विचारलं, तेव्हा फुकटच्या वस्तूला करार कसला, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला होता.

त्यांनी तिला फोन लावला. गौतमीनं सगळं ऐकून घेतलं. चूक अपडेटचीच आहे, म्हणाली. करार केलेल्या संस्थांना ती प्रत्येक अपडेट आधी तपासून मगच देते, त्यामुळं तिकडं हे अजून गेलेलं नाही, सगळं ठीक आहे. बाकीच्यांचं काम हातातली कामं उरकली की करणार.

"आगं, पण फुकट हाय म्हनली व्हतीस ना?"

"सॉफ्टवेअर फुकट हाय, आबा. माझा येळ फुकट न्हाई. माझं घर त्याच्यावरच चालतं."

"मग सॉफ्टवेअर इकत दे आन् येळ फुकट दे. समदी दुनिया तसंच करती."

"तसं केलं तर ते इकत घेणाऱ्यापुरतंच ऱ्हाईल. हे सगळ्यांचं हाय. कुणीबी उघडून बघावं, कुणीबी बदलावं."

एवढ्या बोलण्यातलं पोपटरावांना शेवटचं तेवढं कळलं. त्यांचा पुतण्या रविराज कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचा. बसून काय करायचा हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, पण बसायचा हे नक्की. त्याला रजा टाकायला लावून आणलं. रविराजनं प्रोग्राम उघडला, बराच वेळ मान डोलावली, दोन ओळी इकडच्या तिकडं केल्या आणि झालं म्हणाला.

संध्याकाळच्या पावत्यांवर गाय आणि म्हैस अगदी बरोबर आली. फक्त त्या मालकाच्या रकान्यात आल्या होत्या, आणि मालक जनावराच्या. मोबाईलवर मेसेजही तसेच गेले. पोपटराव घरी पोचले तर बायको पुतळाबाई मोबाईल घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी वाचून दाखवलं, "उत्पादकाचे नाव, म्हैस. जनावर, पोपटराव." आणि कुठलीही टिप्पणी न करता त्या आत गेल्या.

रात्रभर गावातनं फोन येत राहिले. तब्येत विचारणारेच जास्त होते. वैरण पाठवू का, असंही एकानं विचारलं.

सकाळी पोपटरावांनी संचालकांची संमती घेतली आणि गाडी काढून सणसवाडी गाठली. करारावर सही केली. गौतमीनं चहा ठेवला, रविराजनं केलेलं काढून टाकलं आणि मूळ चूकही शोधून दुरुस्त केली. नीलमताईंचा फोन आला, की भागुबाईंची म्हैस पुन्हा म्हैस झाली. पोपटरावांना हलकं वाटलं.

ते घरी पोचतात न पोचतात तोच राहू गावाहून त्यांचे व्याही हौसराव यांचा फोन. तेही तिकडच्या दूध संस्थेचे चेअरमन, तोच प्रोग्राम वापरणारे, करार न केलेले. त्यांच्याकडंही गाई-म्हशींचा तोच गोंधळ झाला होता.

"पाव्हणं, लई उपकार झालं," हौसराव म्हणाले. "तुमी करार केला आन् आमचं आपसूक नीट झालं."

पोपटरावांनी तसाच गौतमीला फोन लावला. पैसे केंदूरचे आणि दुरुस्ती राहूला कशी, असं विचारलं. ती म्हणाली, खुलं म्हणजे तसंच. एकदा केलेली दुरुस्ती सगळ्यांची. तुम्हीही इतके दिवस दुसऱ्यांच्या करारावरच चालत होता. पोपटरावांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांना काही कळलं नव्हतं.

सभासदांना कळायला वेळ लागला नाही. दोन दिवसांत सभा भरली. राहूला फुकट, मग आपण का भरायचं, असा सगळ्यांचा सूर होता. पोपटराव उत्तर द्यायला उभे राहिले. गौतमीचं बोलणं आठवायला गेले, तर ते उलटसुलट आठवलं. शेवटी तोंडाला आलं ते बोलून गेले.

"हे बघा, आज राहूचं दूध मोजलं जातंय ते केंदूरच्या जिवावर. आपुन हात काढला, तर माझ्या व्याह्याच्या म्हशीची उद्या गाय हुईल. आपल्याला शोभंल का ते?"

मागून कुणीतरी म्हणालं, न्हाई शोभायचं. भागुबाईंनी सगळ्यात आधी हात वर केला. करार चालू ठेवण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

ही बातमी राहूला पोचायचीच होती. लेकाच्या सासरवाडीच्या उपकारावर आपली संस्था चालते, असं पारावर बोललं जाऊ लागल्यावर हौसरावांना घास गोड लागेना. त्यांनी सणसवाडी गाठून करार केला आणि तसं पोपटरावांना मुद्दाम कळवलं.

पोपटराव पुन्हा बुचकळ्यात पडले. त्यांनी गौतमीला फोन लावला.

"पोरी, एक इचारतो. आता आमीबी पैसं देतो, राहूवालंबी देत्यात. मग हे फुकट हाय तरी कुनाला?"

"जे देत न्हाईत त्यांला, आबा."

पोपटरावांनी खुर्ची जवळ ओढली आणि नीट बसले.

"त्यांच्या चेअरमनांचं नंबर दे बरं," ते म्हणाले. "तुमचं आमच्या जिवावर चाललंय म्हनून कळवावं लागंल."