रविवारी सुट्टी घेणारी गळती

परसातल्या हौदाचं पाणी पुन्हा उतरलं होतं. सकाळी ऑफिसला निघताना जावयाने स्वतः पाहिलं होतं, छातीपर्यंत होतं. आता संध्याकाळी कसंबसं कमरेला लागलं असतं. बूट न काढताच तो काठावर उकिडवा बसला आणि रोजच्यासारखा पाइप सोडून हौद भरायला लागला.

हा पोहायचा हौद त्याने हौसेनं बांधला होता, पण स्वतःच्या हौसेसाठी नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरेबुवा मुलीकडे राहायला आले होते. रोज पाण्यात चाललात तरच पाय सुटतील, नाहीतर काठी जन्माची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि सासरेबुवा काही केल्या पाण्यात उतरायला तयार नव्हते.

"एवढं मोठं डबकं कशाला करून ठेवलंत, जावईबापू?" ते व्हरांड्यातून काठी रोखून म्हणायचे. "त्यात पाणीसुद्धा टिकत नाही."

जावयाने चंग बांधून शोध सुरू केला. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली, बादलीच्या आत एक खूण केली, बाहेर एक. उन्हाने पाणी आटत असेल तर दोन्हीकडे सारखंच उतरायला हवं. संध्याकाळी बादलीतलं पाणी जागच्या जागी आणि हौद कमरेला. म्हणजे गळतीच. त्याने मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने फरशी ठोकून पाहिली, पाइप तपासले, पाण्याखालच्या दिव्यांच्या खाचा चाचपल्या. "रोज उतरतं?"

"रोज. फक्त रविवारी नाही."

मिस्त्रीने कान खाजवला. "साहेब, इतकी वर्षं हे काम करतोय, पण रविवारी सुट्टी घेणारी गळती पहिल्यांदाच बघतोय. पाण्यात थेंबभर रंग सोडून बघा. तडा असेल तिथे रंग ओढला जाईल. नाहीतर परवा येऊन तळ फोडतो."

थेंबभर म्हणजे किती, हे जावयाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्याने कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली पाण्यात रिकामी केली. रंग कुठे ओढला जातोय ते दिसेना, कारण अख्खा हौदच निळा झाला होता. तो ऑफिसला उशीर होतोय म्हणून तसाच निघून गेला.

संध्याकाळी तो पुन्हा पाइप धरून हौद भरत होता, तेव्हा दोरीवरचे कपडे काढता काढता बायकोने हाक मारली. "अरे, हे बघ तरी. बाबांचा बनियन."

बनियन वरून पांढराशुभ्र होता. खालची पट्टी मात्र निळी, पट्टीने आखावी तशी सरळ. शेजारच्या चड्डीचा तर पांढरा रंग कुठे शोधूनही सापडत नव्हता. जावयाची नजर सावकाश कुंपणाकडे गेली. हौदाचं घाण पाणी बाहेर सोडायचा पाइप तिथेच उघडत होता आणि तिथली मातीही निळी झाली होती.

"बाबा," तो पाइप हातात तसाच धरून व्हरांड्यापाशी जाऊन म्हणाला, "उद्या मिस्त्री येऊन तळ फोडणार आहे."

सासरेबुवा ताडकन उठले. काठी खुर्चीलाच टेकून राहिली. "फोडायचं नाही काही."

"का?"

"मी चालतो त्यात." मग त्यांचं लक्ष आपल्या रिकाम्या हाताकडे गेलं आणि आवाज खाली आला. "तुम्ही दोघं गेलात की कुंपणाजवळच्या त्या पाइपचा व्हॉल्व्ह उघडतो. कमरेपर्यंत आलं की बंद करतो, मग उतरतो. छातीपर्यंत पाणी असलं की माझा जीव घाबरतो. लहानपणापासूनच. पोहता येत नाही मला."

"मग सांगायचं नाही का, बाबा? पाणी कमी भरलं असतं."

"कोणत्या तोंडानं सांगू? मुलीच्या घरी येऊन बसलोय. तुम्ही माझ्या पायांसाठी एवढं सगळं केलंत, आणि मी वर म्हणू, पाणी जास्त झालं? जीभ रेटली नाही." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पाय सुटले माझे. तुमच्यामुळे. हेसुद्धा आधीच सांगायला हवं होतं."

 जावयाचे वडील तो लहान असतानाच गेले होते. थकून घरी आल्यावर ज्यांच्यासाठी पाइप धरून उभं राहावं असं माणूस आपल्या घरात आहे, याचं त्याला त्या घडीला फार बरं वाटलं. हे सगळं बोलावं असं मनात आलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "पण एकटे उतरत जाऊ नका. पाय घसरला तर?"

"बरं, मग उद्या तुम्ही या माझ्याबरोबर. आणि तुम्ही असलात तर छातीपर्यंत भरा, माझी हरकत नाही. बुडायला लागलो तर बाहेर काढाल ना?"

जावई हौदाकडे बघत राहिला. इतके दिवस तो हौद बांधत होता, भरत होता, तपासत होता. पायरीच्या खाली मात्र एकदाही उतरला नव्हता.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "पोहता मलाही येत नाही."

सासरेबुवांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग पुढे होऊन त्यांनी त्याच्या हातातला पाइप काढून घेतला आणि नळ बंद केला.

"कमरेपर्यंतच ठीक आहे," ते म्हणाले. "सकाळी लवकर उठा. माझा हात धरून चाला, घाबरू नका."