खंडेनवमीचं तेल

तेलाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी आठ वर्षं लेथ चालवतोय. माझ्या शर्टाला तेलाचा वास, डब्याला तेलाचा वास! त्यामुळे सासरे सोपानराव राजगुरुनगरहून आपली मोटारसायकल घेऊन आले, चिंचवडला आमच्या चाळीसमोर लावली आणि म्हणाले, "किसनराव, हिच्या पेट्रोलमधी तेल मिसळावं लागतं. त्यातच तिचा जीव हाय. खंडेनवमीला येऊन बघतो. नीट ठेवली तर तुमची, न्हाई तर माघारी नेतो!" तेव्हा मी नुसता हसलो. समोरच्या वाऱ्यात सायकल मारून मारून माझे गुडघे गेले होते. गाडी मला हवीच होती!

चुकलं एवढंच, की कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी बोलून गेलो, "गाडीला कुठलं तेल बरं रे?"

"आमच्या ग्राइंडिंगचं!" खंडू म्हणाला. "मशीन बारा वर्षांत कधी कुरकुरलं नाही."

"हॅट! लालभडक लोखंड आम्ही ज्यात बुडवतो ना, ते घाल," हीट ट्रीटमेंटचा ज्योतीराम म्हणाला. "त्याला काही होत नाही, तर तुझ्या इंजिनाचं काय घेऊन बसलास!"

दोघांचं इतकं जुंपलं की त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं! माझी झोप उडाली. चुकीचं तेल पडलं, इंजिन जाम झालं, तर सासऱ्यांना तोंड कसं दाखवू? आणि या दोघांना नाही म्हणायची तर माझी छातीच नाही. मी दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, "तुझंच घालतो रे बाबा!" आणि गुपचूप पेट्रोल पंपावरून बरोबर तेल आणलं.

खंडेनवमीला सकाळी ते मापानं मिसळलं, गाडी धुतली, झेंडूची माळ घातली आणि ती दारातच ठेवून सासऱ्यांना एस.टी. स्टँडवरून चालत घेऊन आलो. चाळीतले सगळे जमले होते. खंडू, ज्योतीरामही नवे शर्ट घालून हजर! पूजा झाली, नारळ फुटला. सासऱ्यांनी किक मारली. गाडी चालू होईना! त्यांनी पुन्हा मारली. झाली चालू! मी सुटकेचा श्वास घेतला, आणि तोच नाकात धूर गेला.

धूर म्हणजे किती! आधी शेजारच्या अंबूबाईंची ओटी दिसेनाशी झाली, मग नळ, मग सासरे!

"आग लागली गं बाई!" अंबूबाई ओरडल्या आणि त्यांनी बादलीभर पाणी अंदाजानं ओतलं. ते सासऱ्यांवर पडलं.

"बघितलंस? माझं तेल कसं लागू पडलं!" धुरातून खंडू खोकत म्हणाला.

"तुझं? सकाळी मी स्वतः घातलंय, जेवणाच्या डब्यातून आणून!" ज्योतीराम.

"मीही घातलंय! हा विसरेल म्हणून!"

"अगं बाई," माझी बायको शालन हळूच म्हणाली, "पंपाचा डबा कोपऱ्यात दिसला. मला वाटलं, घाईत राहून गेलं. मीही ओतलं हो सगळं!"

मला रडू फुटायचं बाकी होतं. सासरे निथळत उभे. गाडी गेली, आता अब्रूही जाणार!

पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. अंबूबाईंच्या शेळीकडे बघत होते. एरवी शेपूट आणि कान झाडून हैराण होणारी ती शेळी त्या धुरात निवांत रवंथ करत होती. अंगावर एक माशी नाही!

"किसनराव," ते म्हणाले, "इंजिन तर झकास ठेवलंय."

"म्हणजे गाडी आमची, मामा?"

"छ्या! अशी गाडी कोण देतंय व्हय?"

आता रोज दिवेलागणीला ती गाडी राजगुरुनगरला गोठ्याच्या दारात चालू करून ठेवतात. म्हशी निवांत उभ्या असतात. परवा निरोप आला: "तिन्ही तेलं तशीच पाठवा, एकही बदलू नका!" मी डबे स्टँडवर पोचवून येतो. हो, सायकलवरून. आणि वारा नेमका समोरचाच असतो!