धुवायला पाय हवेत

पाळकांनी घंगाळात कोमट पाणी ओतलं, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि वळून पाहिलं, तर समोरच्या सातही खुर्च्या रिकाम्या.

चूक त्यांचीच होती. या चर्चमधल्या आपल्या पहिल्याच उपदेशात त्यांनी घसा बसेपर्यंत सांगितलं होतं, "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. पुढच्या रविवारी आपणही धुऊ." चर्चचा कारभार पाहणाऱ्या सातही वडीलधाऱ्यांनी ते फारच मनावर घेतलं. प्रत्येक जण घरून टॉवेल घेऊन आला होता. नम्रतेत मागे राहायला कुणी तयार नव्हतं.

"मास्तर, तुम्ही वयाने मोठे. बसा ना," पाळक म्हणाले.

"छे, मी धुणार," म्हणत निवृत्त हेडमास्तर गुडघे टेकू लागले.

"अहो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं! शिंपीकाका, निदान तुम्ही?"

"मी तर तुमचेच धुणार," म्हणत शिंपीकाकांनी पाळकांचा बूट धरलासुद्धा.

पाळक पाय सोडवायला गेले, हेडमास्तर त्यांना सावरायला गेले आणि घंगाळ कलंडलं. बाकांवरची मंडळी टक लावून बघत होती. नव्या जागी पहिल्याच महिन्यात अशी शोभा झालेली पाहून पाळकांना रडू यायचं बाकी राहिलं.

मागच्या दारातून झाडलोट करणाऱ्या मावशी पोछा घेऊन आल्या.

"दोनदा पुसली होती मी ही फरशी," असं म्हणून त्या पहिल्या खुर्चीत टेकल्या. "कंबर गेली बाई. कसला गोंधळ चाललाय?"

"पाय धुवायचेत, मावशी."

"कुणाचे?"

"कुणाचेही," पाळक काकुळतीने म्हणाले.

"मग माझे धुवा की. त्यात भांडायचं काय?"

घंगाळाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात पाळकांनी त्यांचे पाय घेतले. टाचांना खोल भेगा होत्या. बावीस वर्षं हे पाय या फरशीवर राबले होते आणि या खुर्चीत आज पहिल्यांदा बसले होते. पाळकांना भरून आलं. पाठ केलेली प्रार्थना काही केल्या आठवेना.

हेडमास्तरांनी हळूच आपला टॉवेल ओल्या फरशीवर टाकला. मग उरलेले सहाही जण खाली वाकले.

"कोपरा राहिला, मास्तर," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. मग पाळकांकडे वळल्या. "तुमचं बरं चाललंय. फक्त पाणी गार झालंय."