चुलवणातला केक

लालासाहेबांनी छाती ठोकून एखादी गोष्ट सांगितली की ती झालीच म्हणून समजायची! निदान लालासाहेब तरी तसं समजत. गाव मात्र चार पावलं मागं सरकून उभं राहायचं.

पंधरा वर्षं त्यांनी फौजेत ऑफिसर मेसची गाडी चालवली. बांगलादेशची लढाई झाली, पेन्शन झाली, आणि मिशांना पीळ भरत ते रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी परतले. तेव्हापासून त्यांना येत नाही असं एकही काम गावात उरलं नव्हतं. मळ्यातलं इंजिन त्यांनी दुरुस्त केलं तेव्हा ते उलटं फिरायला लागलं. तेव्हाही लालासाहेब शांतपणे म्हणाले, "फिरतंय का न्हाई ते बघा!"

त्यांची एकुलती लेक शालन सांगलीला दिलेली. व्याही नानासो म्हणजे मार्केट यार्डातले गुळाचे अडते. माणूस थंड. पण विहीणबाई आक्काताई! त्यांच्या जिभेला सुट्टी नव्हती. शालननं भाकरी थापली तर "तुमच्या खेड्यात अशी जाड थापतात वाटतं!" चहा केला तर "तुमच्या खेड्यात साखर फुकट मिळते वाटतं!" पोर बिचारी ऐकून घ्यायची.

नातवाचा पहिला वाढदिवस आजोळी करायचा ठरला. संक्रांतीला लेकीला माहेरी सोडायला व्याही-विहीण आले, आणि निघताना आक्काताई म्हणाल्या, "आमच्यात वाढदिवसाला केक लागतो हं! तुमच्या खेड्यात तो कुठला मिळायचा? आम्हीच सांगलीहून घेऊन येतो."

शालननं खाली मान घातली. ते लालासाहेबांनी बघितलं, आणि त्यांच्या मिशा आपोआप वर गेल्या.

"ईनबाई, केक आनायचा न्हाई! केक हितं हुनार. मी करनार!"

आत त्यांच्या बायकोच्या, पारूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली आणि गोल गोल फिरत राहिली.

पाहुण्यांची पाठ वळल्यावर त्या बाहेर आल्या. "आवं, केक कशाशी खात्यात ते तरी ठावं हाय का तुमाला?"

"मला इचारतीस? छावणीच्या बेकरीतनं मेसपतोर किती केक मी आनले! एकाला धक्का लागू दिला न्हाई!"

"आनले. केले न्हाईत."

"अगं, त्यात हाय काय? मैदा, साखर, अंडी, तूप. आन् फुगायला सोडा. कालवायचं, डब्यात घालायचं, भाजायचं. फौजेत रंगरूटसुद्दा करतोय!"

"अंडी? माज्या चुलीवर?" पारूबाईंनी पदर खोचला. "समोर देव्हारा हाय. अंडं उंबऱ्याच्या आत आलं तर मी उंबऱ्याच्या भाईर जाईन!"

"मग मीच भाईर जातो," लालासाहेब म्हणाले. "फौजी मानूस कुठंबी भट्टी लावतोय."

भट्टी आयतीच होती. चुलतभाऊ केरबाचं गुऱ्हाळ गावाला लागूनच होतं आणि वाढदिवसाच्या आठवड्यात तिथं लालासाहेबांचाच ऊस गाळायला लागला होता. खाली धगधगतं चुलवण, वर रसानं भरलेली भली मोठी काहील. एवढी आग सबंध पलटणीला पुरली असती, मग एका केकाची काय कथा!

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच लालासाहेब गुऱ्हाळावर हजर झाले. एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात डालड्याचा रिकामा डबा, खिशात सोड्याची भलीमोठी पुडी, आणि मागून अंड्यांचं टोपलं घेऊन शेजारची रंगुबाई. तिच्या कोंबड्यांनी आठवडाभर जे काय केलं होतं ते सगळं त्या टोपल्यात होतं.

"किती घालायची?" रंगुबाईनं विचारलं.

"किती हायती?"

"दीड डझन."

"मग दीड डझन!"

घमेल्यात मैदा पडला, साखर पडली, तूप पडलं, अंडी पडली. लालासाहेबांनी बाह्या सारून असं काही कालवायला घेतलं की गिलाव्याचं काम चाललंय समजून वाटेनं जाणारा कोंडीबा विचारायला आला, "लालासाब, कुठली भित्त लिपायची?"

"ह्यो केक हाय!"

"असंल, असंल," म्हणत कोंडीबा तिथंच बसला. अशी गंमत सोडून शेतावर कोण जाणार! बघता बघता निम्मी आळी जमली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं विलायची घाला, कुणी म्हणालं चिमूटभर हळद घाला, रंग येतो. लालासाहेबांनी कुणाला नाराज केलं नाही.

"आता सोडा!" ते म्हणाले आणि मूठ भरून त्यांनी सोडा टाकला.

"लय झाला न्हवं?" केरबा घाबरत म्हणाला.

"केक फुगाया पायजे का नको? मंग!" आणि त्यांनी दुसरी मूठ टाकली.

डबा गळ्यापर्यंत भरला. राख आत जाऊ नये म्हणून लालासाहेबांनी वर झाकण बसवलं आणि दगडानं ठोकून ठोकून असं घट्ट केलं की हवेला आत जायची सोय राहिली नाही. बाहेर यायचीही राहिली नाही, पण तिकडं कुणाचं लक्ष होतं! फावड्यानं डबा चुलवणाच्या तोंडाशी निखाऱ्यात सारला आणि लालासाहेब उरलेली पुडी हातात धरून काहिलीच्या कडेला उभे राहिले.

काहिलीत गूळ अगदी होत आला होता. गुळव्या गुंडा, म्हणजे गूळ उतरवण्यातला तिथला मुख्य माणूस, लांब दांड्याच्या फावडीनं रस ढवळत म्हणाला, "लालासाब, जरा बाजूला व्हा. आता काईल उतरायची येळ झाली."

"तू तुजं बघ रं. माजा केक बी आता व्हतच आला आसंल. वास आला की काढायचा."

वास आला नाही. आवाज आला!

ढुम्म!

लोक म्हणतात तो आवाज रहिमतपूर स्टेशनात ऐकू गेला. झाकण उडालं ते थेट लिंबाच्या शेंड्यावर जाऊन अडकलं. केरबानं चिपाडाच्या ढिगात सूर मारला. कोंडीबा ओरडला, "पाकिस्तान आलं रं!" आणि डब्यातला तो पिवळा गोळा तोफेतून सुटल्यासारखा वर उडाला, लालासाहेबांच्या फेट्याला सलाम करून पुढं गेला आणि चपक्कन काहिलीत पडला! त्या दचक्यात लालासाहेबांच्या हातातली पुडीही उघडली आणि उरलेला सगळा सोडा त्याच वाटेनं गेला.

क्षणभर काहील गप्प राहिली. मग ती फुगली.

अशी फुगली, अशी फुगली, की रागावलेल्या म्हशीनं श्वास घ्यावा! सोनेरी फेस काठाला आला, काठावरून डोकावला. गुंडा फावडी टाकून बोंबलला, "आरं धरा, धरा! वता वाफ्यात! काईल भाईर चालली!"

दहा-बारा गड्यांनी धावत येऊन काहील उचलली आणि वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या त्या मोठ्या उथळ हौदात, ओतली. पण फुगणं थांबेना! वाफ्यातही ते फुसफुसत, बुडबुडत कठड्यावर आलं आणि तिथं एकदाचं थांबलं. थंड झालं तसं कडक झालं.

सगळे गोल करून बघत उभे राहिले. वर्षाच्या उसाची एक सबंध काहील गेली होती.

"गूळ गेला," गुंडा कपाळावर हात मारून म्हणाला. "अंडी पडली ह्यात! आता ह्याला कोन शिवनार?"

लालासाहेबांनी उन्हाकडं बघितलं. तासाभरात पाहुणे येणार. डब्यात केक नाही, काहिलीत गूळ नाही. आक्काताईंचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढं आलं, आणि खाली मान घातलेली शालन आली. त्यांनी वाकून एक तुकडा मोडला. आत बघितलं. सगळी जाळी पडली होती! बारीक, मोठी, एकसारखी जाळी, वर खरपूस सोनेरी रंग.

हळूहळू त्यांच्या मिशा वर आल्या.

"केरबा," ते म्हणाले, "कोयता आन."

"कशाला?"

"केक कापाया! आरं, जाळी बग! छावणीच्या बेकरीत अशी जाळी कवा पडली न्हाई!"

कोयत्यानं एक ऐसपैस चौकोन तोडला. वर तासगावचे बेदाणे ओळीनं चिकटवले, मधोमध मेणबत्ती उभी केली, आणि दोन गड्यांनी तो पाटावर ठेवून, गणपती न्यावा तसा घरी नेऊन ओसरीवर मांडला. पारूबाईंचा उंबरा ओलांडला नाही!

पाहुणे बैलगाडीतून उतरले. आक्काताईंनी पाटाकडं बघितलं, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "अगंबाई! हा केक?"

"मिलिटरी केक," लालासाहेब छाती काढून म्हणाले. "लढाईवर नेत्यात. म्हयना म्हयना टिकतोय."

नातवाच्या हातात सुरी दिली, त्याच्या हातावर शालननं हात ठेवला आणि सुरी टेकवली. सुरी घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. लालासाहेब पुढं झाले, जोर लावला, आणि सुरीचं पातं वाकडं झालं.

"आमच्याकडं केक सुरीनं कापतात," आक्काताई गोड आवाजात म्हणाल्या. "तुमच्या खेड्यात—"

"मिलिटरी केक फोडायचा असतोय!" असं म्हणून लालासाहेबांनी कोपऱ्यातलं मुसळ उचललं. टाण! तुकडे चौफेर उडाले. एक नानासोंच्या टोपीवर बसला. नातू टाळ्या पिटून खिदळायला लागला.

आक्काताईंनी सगळ्यात मोठा तुकडा निवडला. वाईट आहे असं सांगायचं तर नीट चाखून सांगायला हवं! त्यांनी तो सबंध तोंडात टाकला, कचकन चावला, पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं...

उघडलंच नाही! वरचे दात खालच्या दातांना जे चिकटले ते सोडेनात.

"म्म्म!" आक्काताई म्हणाल्या.

"आवडला!" लालासाहेब ओरडले.

"म्म्म-म्म्म!"

"लयच आवडला! पारू, ईनबाईस्नी अजून दे!"

आक्काताई हातवारे करायला लागल्या. पारूबाई पाणी घेऊन धावल्या. आणि तेवढ्यात शालनच्या तोंडून फिस्सकन हसू निसटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू थांबेना, खांदे गदागदा हलायला लागले. सगळं घर गारठलं. सासूसमोर सून हसली!

आक्काताईंनी डोळे वटारून सुनेकडं बघितलं. शालननं त्यांच्याकडं बघितलं. सासूचे गाल फुगलेले, ओठांतून काकवी ओघळलेली, कपाळावर बेदाणा चिकटलेला. आणि काय झालं कोण जाणे, आक्काताईंचंही पोट हलायला लागलं! तोंड बंद, डोळ्यांतून पाणी, आणि नाकातून हसू! दोघी एकमेकींना धरून हसत बसल्या. लग्नापासून पहिल्यांदाच.

नानासो मात्र गंभीर होते. त्यांनी टोपीवरचा तुकडा काढला, मोडला, हुंगला, उजेडात धरला, जिभेच्या टोकाला लावला.

"इवाई," ते म्हणाले, "ह्यो गूळ हाय."

"केक हाय!"

"गूळ हाय. माजं आयुष्य यार्डात गेलं. सोडा लय पडलाय, चटका लय बसलाय, आन् ह्यात काय काय पडलंय ते मी इचारत न्हाई. लिलावात ह्याला कुनी हात लावनार न्हाई." असं म्हणून त्यांनी दुसरा तुकडा तोंडात टाकला आणि तिसरा खिशात.

"खिशात कशाला मग?" लालासाहेबांनी विचारलं.

"म्म्म," नानासो म्हणाले.

तेवढ्यात आतून पारूबाई परात घेऊन आल्या. परातीत तुपानं थबथबलेला, विलायची घातलेला गरमागरम शिरा होता. नवऱ्याचा केक कसा होणार ते ओळखून, पण नवऱ्याला न सांगता, त्यांनी तो पहाटेच करून चुलीवर गरम ठेवला होता. एवढी वर्षं संसार केलेला!

शिऱ्याच्या वाफेनं पाहुण्यांचे दात हळूहळू सुटले. आक्काताईंनी पहिला घास गिळला आणि सुनेला म्हणाल्या, "शालन, तुझ्या आईकडनं हा शिरा शिकून घे बाई."

सगळे पोटभर जेवले. लालासाहेबांनी शिरा दोनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा ताट पुढं करत ते पारूबाईंना म्हणाले, "बरा झालाय. पर केकाची सर न्हाई!"